दहन आणि दंड

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या गोमंतकात गावोगाव नरकासुर जाळतात. इकडे दसऱ्यास रावण जळतो. त्यास आमची हरकत नाही. त्या दोघांचा निकाल पुराणांनी केव्हाच लावून ठेवला आहे.

परंतु हयात माणसाचा पुतळा? मुंबईत वरळीच्या बी. डी. डी. चाळींत २०१८ च्या होळीस नीरव मोदीचा भव्य पुतळा जाळण्यात आला. बँकेच्या फसवणुकीचा संताप आम्हांसही समजतो. तथापि त्याच्यावरील आरोपपत्र न्यायालयात दाखल झाले ते मे महिन्यात. होळी मार्चमध्येच आटोपली होती!

"खटले हवेत कशाला? चौकात फाशी द्या," हे मत उधन्यातल्या आपल्या वस्तीतही वारंवार कानी पडते, आणि बोलणारी माणसे सज्जन असतात. त्यांच्यापुढे आम्ही २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला ठेवतो. कसाबला वकील मिळाला, तीन न्यायालयांत सुनावणी झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीयही आरोपी होते. पुराव्याअभावी २०१० मध्ये ते त्या आरोपांतून सुटले. वरिष्ठ न्यायालयांनीही ती सुटका कायम ठेवली. निकाल चौकाने दिला असता, तर दोर तीन लागले असते.

गणेशोत्सवात मंडळांचे देखावे उभारण्यास आमचे विद्यार्थी पुढे असतात. त्यांनी देखाव्यात न्यायालय दाखवावे, साक्षीदार दाखवावेत, वकीलही दाखवावा. निकाल लागेपर्यंत कोणाचा चेहरा मात्र फासात अडकवू नये.