भरतीचं वय संपल्यावर पळायचं कशाला?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे सकाळी रस्त्याने कोणी पळताना दिसला की लोक त्याला एकच प्रश्न विचारतात. "काय गा, भरतीची तयारी करून राह्यला का?" प्रश्न अगदी प्रेमाने विचारलेला असतो. उत्तर 'हो' असेल तर लगेच पुढची चौकशी. सोळाशेले किती टाइम लागून राह्यला, गोळा किती जाते वगैरे. उत्तर 'नाही काकाजी, असंच पळतो' असं आलं की मात्र समोरचा माणूस गोंधळतो. असंच म्हणजे? आणि पळणारा मध्येच चालायला लागला, तर तो गोंधळही उरत नाही. "दमला वाटते पोट्टा," म्हणून विषय संपतो.

मी पुण्यात आयटीत, गाव चंद्रपूर. सणासुदीला आणि वर्क फ्रॉम होम पदरात पडेल तेव्हा घरी असतो, आणि घरी असलो की सकाळी पळतो. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, परत चार मिनिटं पळायचं. पळतानाचा वेगसुद्धा असा की सायकलवरचा दूधवाला मागून येऊन 'काय म्हणता' विचारून आरामात पुढे जातो. हे सगळं मी ठरवून करतो. आणि माझं मत असं आहे की हौसेने पळणाऱ्या प्रत्येकाने असंच पळावं. आमच्या भागात तर नक्कीच.

आता आमच्याकडे पळणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना ते चटकन कळणार नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली, मुंबईची २००४ ला. त्यामुळे तिकडे 'रनिंग' नावाचा छंद असू शकतो हे लोकांनी मान्य केलंय. बूट, घड्याळ, टी-शर्ट, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, आणि पळून झाल्यावर इडली-वडा. आमच्याकडे पळणं हे नोकरीचं साधन आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीचे. मुलांना १६०० चे पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटांच्या आसपास यावं लागतं. त्यासाठी गडचिरोलीच्या खेड्यांतली मुलं-मुली पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळतात, काहींच्या पायांत धड बूटही नसतात. त्यांना जाऊन 'हळू पळा, मजा घ्या' सांगणारा माणूस मूर्ख ठरेल. त्यांना वेग लागतो आणि त्यांनी वेगाचाच सराव केला पाहिजे. याबद्दल वाद नाही.

माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. भरतीला वयाची अट खुल्या प्रवर्गात २८, मागासवर्गीयांना ३३. (माझं स्वतःचं वय २८. म्हणजे खात्याच्या दृष्टीने माझे पाय आता सेवानिवृत्त! :-)) ज्या दिवशी ते वय उलटतं, त्या दिवशी पळणं बंद होतं. लागला तो ड्युटीत अडकतो, नाही लागला तो दुकानात, शेतात, कंत्राटदाराकडे. पाचसहा वर्षं रोज पळालेला, उत्तम पायांचा माणूस तिशीत येऊन थांबतो तो कायमचा. कारण त्याला पळण्याचा एकच प्रकार माहीत असतो, छाती फुटेस्तोवर पळण्याचा. पस्तिशीला पोट दिसायला लागलं की कधीतरी तो पुन्हा मैदानावर येतो आणि त्याच जुन्या पद्धतीने सुटतो. दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो, तिसऱ्या दिवशी सुट्टी, चौथ्या दिवशी 'आपलं वय झालं बाप्पा'.

वय झालेलं नसतं. फक्त परीक्षा संपलेली असते, आणि परीक्षेशिवाय पळता येतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तर हळू पळायचं म्हणजे किती हळू? घड्याळ नको, अ‍ॅप नको. पळताना शेजारच्याशी एक लांबलचक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. 'काल मामाजींचा फोन आला होता, ते म्हणत होते की या वर्षी धान बरं झालं' इतकं एका दमात जमलं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त. यामागचं कारण साधं आहे. या वेगात शरीराला लागणारा प्राणवायू पुरेसा मिळत राहतो, चरबी जळते, आणि हृदयाला रोज झेपेल असं काम मिळतं. शिवाय दम तसा लवकर वाढतो, काही आठवड्यांत. पण हाडं, गुडघे आणि पोटरीला टाचेशी जोडणारी ती जाड दोरी, यांना तयार व्हायला कित्येक महिने लागतात. नवशिक्याची भानगड इथेच होते. फुप्फुसं म्हणतात 'चल', टाच म्हणते 'थांब', आणि माणूस फुप्फुसांचं ऐकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन सर्व्हर नुसता चालू झाला म्हणून पहिल्याच दिवशी त्यावर सगळा लोड टाकत नाहीत.

आणि मध्ये चालायचं कशाला? ही काही माझी आयडिया नाही. जेफ गॅलोवे हा अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावला होता. म्हणजे चांगलाच वेगवान गडी. १९७४ मध्ये त्याने अगदी नवशिक्या लोकांचा वर्ग घेतला आणि त्यातून पळा-चाला-पळा ही पद्धत पुढे आली. त्यातली खरी गोम अशी की चालायचं ते दमल्यावर नाही, दमायच्या आधी. पहिल्या चार मिनिटांनंतर, जेव्हा अंगात भरपूर जोर असतो आणि चालायची लाज वाटते, नेमकं तेव्हाच चालायचं. दमल्यावर चालणारा माणूस पुन्हा पळायला लागत नाही. आधीच चाललेला पुन्हा पळतो, कारण त्याच्यात शिल्लक असते.

वेळ किती जातो, याचा हिशोब इंजिनियर म्हणून मांडतोच. समजा तुम्ही किलोमीटरला ७ मिनिटं या वेगाने पळता आणि किलोमीटरला १० मिनिटं या वेगाने चालता. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, असं करत ५ किलोमीटर गेलात तर साधारण सव्वासदतीस मिनिटं लागतील. न थांबता पळालात तर पस्तीस. फरक सव्वादोन मिनिटांचा. टपरीवरचा चहा उकळायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि वजनाची काळजी असणाऱ्यांसाठी: पळताना खर्च होणाऱ्या कॅलरी मुख्यतः अंतरावर आणि तुमच्या वजनावर ठरतात, वेगावर फार कमी. ढोबळ हिशोब, किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाला ५ किलोमीटरचे साडेतीनशे. हळू पळालात म्हणून कोणी कापून घेत नाही, चालण्याच्या मिनिटांपुरता खर्च थोडा कमी होतो इतकंच.

'पण चालणं म्हणजे चीटिंग नाही का?' हा प्रश्न पुण्याचे मित्र विचारतात. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत १९२१ पासून आहे. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, मुदत १२ तास. तिथे मोठ्या चढांवर चालणारे ढिगाने असतात आणि शेवटी मेडल घेऊन घरी येतात. पण इतक्या लांब तरी कशाला जायचं? मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तिथे वरच्या टप्प्यात दोन पावलं टाकायची, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन पावलं टाकायची असंच चढावं लागतं. ही पोरं थांबत थांबत चढली म्हणून त्यांचं शिखर कोणी खोटं म्हटलेलं मला आठवत नाही.

आता आमच्या भागात हे जास्त का गरजेचं, ते सांगतो. पहिलं कारण ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ ला सहज जातो, पहाटेसुद्धा भिंती गरम लागतात. आपण पळताना जी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम पाव भाग हालचालीत जातो, बाकी सगळी उष्णता होऊन अंगात साठते आणि घामावाटे बाहेर काढावी लागते. वेग वाढवला की ही भट्टी वाढते, चालायला लागलं की मंदावते. जुलै-ऑगस्टमध्ये तर हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता गळतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. तरुण, सराव केलेली मुलं होती ती. त्यांच्यासमोर नोकरीचा प्रश्न होता, थांबणं परवडत नव्हतं. आपल्यासमोर काय आहे? फेसबुकवरचा फोटो?

दुसरं कारण जंगल. पुण्याच्या मित्रांना वाटतं, वा, ताडोबाच्या गावचा, काय मस्त ट्रेल असतील. ट्रेल कसले बाप्पा! ताडोबात पायी फिरता येत नाही, आणि बाहेरच्या रस्त्यांवरही वाघ पाटी वाचून चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरला लागूनच असलेल्या वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला पहाटे जंगलात जाणारी माणसं दर वर्षी जीव मुठीत धरून जातात. ती पोटासाठी जातात. आपण हौसेसाठी, एकटे, कानात गाणी लावून अंधारात जंगलाच्या कडेने पळणं हा शुद्ध अगाऊपणा आहे. (बिबट्या दिसला तर पळू नका, असंच सगळे जाणकार सांगतात. म्हणजे इथे चालण्याला अगदी अधिकृत पाठिंबा आहे.) मग उरतं काय? उजाडल्यावर शहरातच पळायचं. जटपुरा गेट ते पठाणपुरा गेट, परकोटाच्या आतल्या रस्त्याने, दुकानं उघडायच्या आत. किंवा कॉलनीतल्या मैदानाला चकरा. अशा जागी कुत्री, गायी, झाडलोट करणाऱ्या बाया, शाळेच्या बसेस हे सगळं असतंच. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. रेकॉर्ड करायला निघालेला मात्र गायीवर चिडतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. वय पंचेचाळीसही नव्हतं. शहरापासून लांब राहणारा, सार्वजनिक आरोग्य हाच ज्याचा विषय, अशा माणसाला. त्यातून त्यांनी आहार, चालणं, योग, ध्यान असं रोजचं जगणंच बदललं आणि २००० मध्ये 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. कितीतरी मराठी घरांत हे पुस्तक आहे. आमच्याकडे बाबांच्या कपाटात आहे. ते पुस्तक वाचून मॅरेथॉन पळायला लागलेला कोणी मला भेटलेला नाही, पण रोज चालायला लागलेले बरेच भेटलेत, आणि त्यांतले काही वीस वर्षांनंतरही चालताहेत. हृदयाला हे असं पुरवून पुरवून केलेलं रोजचं काम हवं असतं. सोळाशे मीटरचं टायमिंग ते विचारत नाही.

आयटीतल्या आपल्यासारख्यांची गत भरतीच्या मुलांसारखीच आहे, फक्त परीक्षा वेगळी. ऑफिसच्या मॅरेथॉनचा टी-शर्ट मिळेपर्यंत पळायचं, गुडघा दुखला की सोडायचं, आणि मग दहा तास खुर्चीत. अ‍ॅपने 'यू आर स्लोअर दॅन लास्ट वीक' सांगितलं की दुसऱ्याच दिवशी बूट पलंगाखाली. च्यायला, ते अ‍ॅप काय पगार देतं आपल्याला?

म्हणून माझं सांगणं इतकंच. आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा-पाऊण तास. एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, इथून सुरुवात. दोन-तीन आठवड्यांनी दोनास एक, मग तीनास एक, मग चारास एक. त्याच्या पुढे नाही गेलात तरी काही बिघडत नाही. छातीत दुखत असेल, बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शक्य असेल तर कोणालातरी सोबत घ्या. भरतीतून राहिलेला एखादा मित्र, चुलतभाऊ, गल्लीतला पोरगा तुमच्याही ओळखीचा असेल. त्याचे पाय तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगले असतात आणि ते असेच वाया चाललेत. पहिल्या दिवशी तो तुम्हाला अर्ध्या मिनिटात मागे टाकेल, मग वळून पाहील आणि हसेल. हसू द्या. चार मिनिटं झाली की चालायला लागा आणि त्यालाही चालायला लावा. बोलायला विषय भरपूर असतात.