खारभूमीचे नियोजन बांधापासून हवे

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांत खाडीकाठची भातशेती घटू लागली, की दोष शेतकऱ्याच्या माथी मारला जातो. जमिनीला भाव आला, त्याने ती विकली, असे म्हणून विषय संपविला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पुष्कळदा जमीन विकली जाण्यापूर्वीच ती पिकेनाशी झालेली असते, आणि त्याचे कारण बाजारात नसून बांधात असते.

खारभूमी ही श्रमाने घडविलेली शेती आहे. भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवावयाचे, पावसाचे जादा पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावयाचे आणि पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की भात लावावयाचे, असे हे तंत्र. येथे एका शेताचे भवितव्य शेजारच्या शेतापासून वेगळे करता येत नाही. बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तर उधाणाचे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते. एकाने भराव घालून निचऱ्याची वाट अडविली, तर पाणी इतरांच्या शेतात तुंबते. लाभ एकाचा आणि तोटा शेजाऱ्यांचा, असा हा व्यवहार असून जमिनीच्या किमतीत त्या तोट्याची नोंद कधीच होत नाही.

१९३३ ते १९३९ या काळातील चरीच्या संपाने कुळांचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्यास मालकीची वाट मोकळी झाली. हे न्याय्यच होते. परंतु मालकी तुकड्यातुकड्यांनी वाटता आली, तसा बांध वाटता येईना. पुढे १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमान्वये बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली, आणि गावाने एकत्र येऊन बांध राखण्याची रीत मागे पडत गेली. आता खांड पडली की शेतकरी अर्ज करतो व वाट पाहतो. तोवर शेतात कांदळवन उगवते. त्याचे रक्षण व्हावयासच हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या तोडीस सक्त मनाई केली, ती योग्यच होय. परंतु सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याच्या हाती ना पीक उरते, ना शेत पूर्ववत करण्याची सोय. अशा वेळी जमिनीस येणारे गिऱ्हाईक त्यास तारणहार वाटले, तर नवल नाही.

केरळने २००८ मध्ये भातजमीन व पाणथळ जमीन यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि देखरेख स्थानिक समित्यांकडे सोपविली. २०१८ मध्ये मात्र काही जमिनींच्या रूपांतरास शुल्क आकारून वाट द्यावी लागली. नुसती बंदी पुरत नाही, हे ओळखून २०२० मध्ये भातजमीन राखणाऱ्यांना हेक्टरी वार्षिक अनुदान सुरू झाले. ते आरंभी २००० रुपये होते. रक्कम अल्प असली, तरी तत्त्व महत्त्वाचे आहे.

आपल्याकडेही नियोजनाचे एकक सर्व्हे नंबर नसून एका बांधाने वेढलेला संपूर्ण खार हे असावे. बिनशेती वापराचा निर्णय त्या खारातील सर्वांवर होणारा परिणाम पाहूनच घेतला जावा. बांध व उघाडी यांच्या दुरुस्तीसाठी शेतकऱ्यांच्या समितीस दरवर्षी निश्चित निधी मिळावा. जेथे कांदळवन कायमचे रुजले आहे, तेथे शेतकऱ्यास भरपाई द्यावी. हे झाले नाही, तर नकाशावर हिरवा रंग राहील. त्याखाली भात असेलच, याची हमी कोणी देऊ शकणार नाही.