शेजाऱ्याच्या जागेतून आलेली लाइन : वहिवाट कागदावर हवी

भावकीचे तंटे, मालक-भाडेकरूंचे तंटे आणि उधारीचे तंटे व्यापारी माणसाला नवे नाहीत. परंतु पुण्याच्या जुन्या पेठांत जसजसे वाडे पडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत, तसतसा आणखी एक तंटा घराघरांत शिरत आहे. तो म्हणजे लाइनचा. पाण्याची लाइन, ड्रेनेजची लाइन, विजेची सर्व्हिस वायर. आपल्या दुकानाला येणारी ही लाइन शेजाऱ्याच्या बोळातून, अंगणाखालून नाही तर भिंतीवरून आलेली असते. वडिलांच्या काळापासून कोणी काही बोललेले नसते. मग शेजारचा वाडा बिल्डरकडे जातो आणि एके दिवशी निरोप येतो, "तुमची लाइन काढून घ्या."

गंज पेठ, घोरपडे पेठ, भवानी पेठ, रविवार पेठेतील बोहरी आळी, कसब्यातील तांबट आळी या भागांत घराला घर चिकटलेले आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर राहणे, अशी आपली पद्धत. मागच्या माणसाची लाइन पुढच्याच्या जागेतूनच येणार, त्याला इलाज नाही. ती तुटली की केवळ नळ कोरडा पडत नाही. ईदच्या तोंडावर शिलाईची मशीन दोन दिवस बंद राहिली तर ऑर्डर हातची जाते, कारागिराची मजुरी बुडते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून हा विषय वकिलांपुरता नाही, तो आपल्या रोजीचा आहे.

पुण्यात जमिनीखालून पाणी नेण्याची रीत जुनीच आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ बांधला गेला. वाटेत उच्छ्वास ठेवले, जागोजागी हौद बांधले. ते काम सरकारी होते, त्याला हरकत घेणार कोण? आजच्या लाइनी मात्र खाजगी आहेत आणि एका खाजगी माणसाला दुसऱ्या खाजगी माणसाच्या जागेवर हक्क सांगायचा तर तो सिद्ध करावा लागतो.

हा हक्क आपल्या परंपरेलाही परका नाही. फिकहच्या किताबांत त्याला 'हक्के-इर्तिफाक' म्हटले आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी आणण्याचा हक्क 'मजरा', सांडपाणी बाहेर काढण्याचा 'मसील' आणि जाण्या-येण्याचा 'मुरूर'. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवण्यास मनाई करू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मराठीत यालाच आपण वहिवाट म्हणतो. कायद्यात त्यासाठी १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट आहे. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि आजही तोच चालतो.

या कायद्याबद्दल बाजारात एक समज पक्का बसला आहे. वीस वर्षे झाली की हक्क मिळाला, असे जो तो सांगतो. हे अर्धेच खरे आहे. कलम १५ प्रमाणे वीस वर्षांचा वापर शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून झालेला असला पाहिजे. शिवाय ही वीस वर्षे दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत. जागा सरकारची असेल तर मुदत तीस वर्षांची.

यातील 'हक्क म्हणून' हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीने लाइन टाकली असेल, तर तो वापर हक्काचा नाही, परवानगीचा ठरतो. अशी परवानगी पन्नास वर्षे चालली तरी तिचा आपोआप वहिवाटीचा हक्क होत नाही. म्हणजे ज्याने अदबीने विचारले, त्याचीच बाजू कोर्टात लंगडी पडते! त्यातही कलम ६० चा थोडा आधार आहे. परवानगीच्या भरवशावर कोणी कायमस्वरूपी बांधकाम केले आणि त्यासाठी खर्च केला, तर परवानगी देणाऱ्याला ती मागे घेता येत नाही. परंतु कलम ५९ सांगते की जागा विकली गेली तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नाही. जुन्या शेजाऱ्याने दिलेला शब्द त्याच्या खरेदीखताबरोबर संपतो. वाडा बिल्डरकडे गेल्यावर निरोप का येतो, त्याचे कारण इथे आहे.

कोर्टात मोघम बोलूनही चालत नाही. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका रस्त्याच्या वादात २०२४ मध्ये निकाल लागला. त्यात न्यायालयाने म्हटले की 'कित्येक वर्षांपासून वापर आहे' असे लिहिल्याने वीस वर्षांचा वापर शाबीत होत नाही. तो वाद रस्त्याचा होता, पण पाण्याच्या लाइनलाही कायदा तोच आहे. म्हणून नळजोडाची जुनी पावती, विजेचे पहिले बिल, प्लंबरचे बिल, जुना नकाशा, हे कागद जपून ठेवावेत. आपण कापडाच्या ताग्याची पावती दहा वर्षे ठेवतो, पण नळाची पावती दुसऱ्या दिवशी फेकून देतो.

दुसरी बाब वारशाची. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात एका घराचे पाच-सहा हिस्से होतात. पुढचा गाळा एका भावाकडे, मागचा दुसऱ्याकडे, माडी बहिणीकडे. वाटणीपत्रात चौरस फूट मोजले जातात, चतुःसीमा लिहिली जाते, पण मागच्या गाळ्याचे ड्रेनेज पुढच्याच्या फरशीखालून जाते, हे कोणी लिहीत नाही. अशा वाटणीसाठी कलम १३ आहे. वाटणीच्या वेळी जी लाइन चालू होती, उघड होती आणि हिश्श्याच्या उपभोगासाठी जरुरीची होती, तिचा हक्क वाटणीबरोबर त्या हिश्श्याला मिळतो. आता जमिनीखालचे गटार उघड कसे? कायद्यातच त्याचे उदाहरण आहे. जाणकार माणसाने काळजीपूर्वक पाहणी केल्यावर जे गटार सापडू शकते, ते उघडच समजायचे. तेव्हा भावाचे गटार बुजवण्याआधी पुढच्या भावाने दहादा विचार करावा.

खरेदीखताचेही तसेच. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह आणि जाण्या-येण्याच्या वहिवाटीसह, अशी जुनी ओळ प्रत्येक खतात असते. वाचायला ती भारदस्त वाटते. पण पाण्याची लाइन कोठून येते आणि ड्रेनेजचा चेंबर कोणाच्या हद्दीत आहे, हे त्या ओळीवरून कळत नाही. गाळा घेताना आपण दर आणि दर्शनी भाग पाहतो. चेंबरचे झाकण उघडून पाहणारा शंभरात एखादा.

विजेची गोष्ट थोडी निराळी आहे. सर्व्हिस वायर शेजाऱ्याच्या इमारतीवरून न्यायची तर २००६ च्या नियमांप्रमाणे वीज कंपनीने त्या मालकाची किंवा कब्जेदाराची आधी संमती घ्यायची असते. त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांची लेखी परवानगी मिळवण्याची सोय आहे. म्हणून वायरमनला चार पैसे देऊन रात्रीत वायर ओढून घेण्याऐवजी महावितरणकडे रीतसर अर्ज करावा. भाडेकरू बांधवांनी हेही जाणून असावे की मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचे पाणी आणि वीज विनाकारण तोडता येत नाही. ड्रेनेजसाठी १९४९ च्या महापालिका कायद्यात आयुक्तांकडे अर्ज करून दुसऱ्याच्या जागेतून लाइन नेण्याची तरतूद आहे.

ज्यांच्या जागेतून दुसऱ्याची लाइन जाते, त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हक्क असला तरी तो मोकाट नाही. पाण्याचा पाइप दुरुस्त करायला शेजाऱ्याच्या जागेत खोदता येते, पण जमीन होती तशी करून द्यावी लागते. कलम २४ मध्ये हे उदाहरणच दिले आहे. दुरुस्तीचा खर्च लाइन वापरणाऱ्याचा. शिवाय बोजा वाढवता येत नाही. एका घराच्या सांडपाण्यासाठी असलेल्या लाइनीत रंगाईच्या कारखान्याचे पाणी सोडले, तर शेजाऱ्याने तक्रार करणे योग्यच आहे. आपल्यातले काही जण हक्क मागताना मोठा आवाज करतात, पण तुंबलेला चेंबर साफ करायच्या वेळी दिसत नाहीत. हे बरे नव्हे.

तसेच रागाच्या भरात कोणी लाइन तोडू नये. पिण्याचे किंवा कारखान्याचे पाणी मुद्दाम तोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हक्काचा निवाडा दिवाणी कोर्टात व्हायचा आणि मधल्या मध्ये फौजदारी अंगावर यायची, असला सौदा कोणता व्यापारी करील?

काही बुजुर्ग म्हणतील, शेजाऱ्याकडून कागद लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. आम्हांला हे पटत नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण तर आपल्याला कुराणातूनच मिळाली आहे. खाते लिहिल्याने दोस्ती तुटत नाही, न लिहिल्याने तुटते. आणि आजचा शेजारी भला असला, तरी उद्या त्याच्या जागी कोण येईल, हे त्याला तरी कोठे ठाऊक आहे?

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे. पहिले, आपल्या जागेत येणाऱ्या आणि जागेतून जाणाऱ्या सर्व लाइनींचा साधा नकाशा काढावा. दुसरे, संबंध गोड आहेत तोवरच शेजाऱ्याबरोबर करारनामा करावा. लाइन कोठून जाते, रुंदी किती, दुरुस्तीला कधी यायचे, खर्च कोणाचा आणि नवे बांधकाम झाले तर पर्यायी लाइन कोण देणार, हे त्यात लिहावे. हा हक्क पुढच्या मालकावरही बंधनकारक राहील असे नमूद करून वकिलाच्या सल्ल्याने तो दस्त नोंदवावा. तिसरे, शेजारचा वाडा पाडला जाण्यापूर्वीच बिल्डरला लेखी कळवावे आणि पर्यायी लाइन चालू झाल्यावरच जुनी सोडावी. चौथे, तंटा झालाच तर आधी मोहल्ल्यातील दोन जाणत्या माणसांना बसवावे. तेथे जमले नाही तर लोकअदालतीत जावे. तेथील तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील होत नाही.

हे सारे करायला चार दिवस आणि थोडा खर्च लागेल. दावा लावला तर वर्षे जातात आणि तोवर दोन्ही शेजाऱ्यांना रोज त्याच बोळातून ये-जा करावी लागते. ज्यांचे शेजारी आज सलामाला उत्तर देत आहेत, त्यांनी हा कागद याच आठवड्यात करून घ्यावा.