रद्दी देण्यापूर्वी…

मैत्रिणींनो, आज माझीच एक चूक सांगते. पावसाळ्याआधी पोटमाळा आवरायला काढला आणि गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन मोकळी झाले. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "अगं, सुतळीनं बांधलेले माझे ‘स्त्री’चे अंक कुठं गेले?" पोटात धस्स झालं! त्या रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या. त्या अंकांच्या समासात त्यांनी लोणच्याची प्रमाणं, स्वेटरचे टाके लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर भाईंदर स्टेशनाजवळचं रद्दीचं दुकान गाठलं. तीनच अंक हाती लागले.

कागदाची किंमत किलोवर ठरत नाही, हे तेव्हा कळलं. आपल्या शेजारच्या मुंबईतच ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीचे! एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. १८४० साली ते बंद पडलं. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केलं. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ आलं. लोकहितवादींची शतपत्रं त्यातलीच. १८२२ चं गुजराती ‘मुंबई समाचार’ तर अजून निघतं.

"हे सगळे पुरुषच की!" असं म्हणाल. पण तानूबाई बिरजे ठाऊक आहेत का? १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केलं, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवलं. विसाव्या शतकाच्या आरंभी, पतीच्या निधनानंतर, तानूबाईंनी त्याचं संपादन हाती घेतलं. त्या काळी बाईनं वर्तमानपत्र चालवायचं, म्हणजे केवढी हिंमत! आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढलं, ते खास आपल्यासाठी.

तेव्हा एवढं करा. जुने अंक देण्याआधी घरातल्या थोरांना विचारा. जपायचे असतील तर टाचण्या काढून टाका, नाहीतर गंज चढतो. आपल्याकडे खाडीची दमट हवा. म्हणून अंक भिंतीला टेकवू नका, कोरड्या कपाटात आडवे ठेवा. कडुलिंबाची पूर्ण वाळलेली पानं पातळ फडक्यात बांधून शेजारी ठेवा. उन्हात मात्र वाळवू नका, कागद पिवळा पडून तुटतो.

ते तीन अंक आता सासूबाईंच्या उशाशी असतात. परवा त्यांनी त्यातल्या समासातलं लोणचं मला स्वतः समोर बसवून शिकवलं. ते मी माझ्या वहीत उतरवलंय.