पंचनाम्यात न मावणारे दुःख

चैत्रातल्या पहाटे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मोहाच्या झाडाखालची जमीन झाडूनपुसून बायाबापड्या टोपल्या घेऊन बसतात आणि उजाडताना टपटप गळणारी ती पिवळट, रसाळ फुले वेचतात. परंतु ऐन हंगामात आभाळ भरून अवकाळी सर कोसळली की तीच फुले काळी पडतात, आणि अशाच एका सकाळी धानोरा तालुक्यात रिकाम्या टोपलीशेजारी बसलेली एक वृद्धा, “औंदा मोह रुसला,” एवढेच बोलताना मी ऐकली आहे. त्या तीन शब्दांत बुडालेल्या मिळकतीचा हिशेब होताच. पण ज्या ऋतुचक्राच्या भरवशावर तिच्या आई-आजीने जन्म काढला, ते चक्रच परके झाल्याची व्यथा त्याहून मोठी होती.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, २०२२ च्या जुलैत दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा पाणी शिरले, तेव्हा पंचनामे झाले, पडकी घरे व सडलेले धान मोजले गेले, आणि ते रास्तच होते. मात्र त्यानंतर पावसाचा जोर वाढला की नदीकडे कान लावून रात्र जागवणाऱ्या माणसाच्या भयाला, अथवा पारा ४७ अंशांवर गेलेल्या चंद्रपुरात, आपल्या लेकराच्या वाट्याला कसले उन्हाळे येणार या विचाराने झुरणाऱ्या आईच्या काळजीला सरकारी दफ्तरात रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणून आपणही तिला मनाचा दुबळेपणा समजून मोकळे होतो.

ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी वेढलेल्या रहिवाशांची अवस्था पाहून ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वचिंतकाने या शतकाच्या आरंभी ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द घडवला: घर न सोडता घराला पारखे होण्याचे दुःख. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्राची धुरांडी रोज पाहणाऱ्या चंद्रपूरकराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. उलट त्याची कोंडी अधिक बिकट आहे. कारण जो कोळसा हवा तापवतो, त्याच कोळशावर हजारो घरांच्या चुली पेटतात, आणि म्हणून इथल्या शोकात अपराधाची भावना मिसळून तो ओठांवर येण्याआधीच गिळला जातो.

अशा मनाला ‘धीर धरा’ एवढे सांगून भागत नाही. त्याला चार माणसांची सोबत हवी आणि हाताला अधिकाराचे काम हवे. याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. ज्या रानातला बांबू कागद कारखान्यासाठी जात असे, त्या रानावर मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगटांत बसून, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत, वर्षानुवर्षे आपला हक्क मांडला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तापणाऱ्या उन्हापासून मेंढ्याचीही सुटका नाही. तथापि रानाचे बरेवाईट जिथे सर्वांनी एकत्र बसून ठरवायचे असते, तिथे रानाच्या ऱ्हासाची चिंता कोणा एकट्याच्या उरावर राहत नाही.

म्हणून या दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामसभांना आणि चंद्रपूरच्या मोहल्ल्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या सभेत ‘यंदा आपण काय गमावले’ हा विषय घ्यावा, मोहाच्या त्या वृद्धेला प्रथम बोलू द्यावे, तिचे म्हणणे कार्यवृत्तात तिच्याच शब्दांत लिहावे, आणि राखण्याजोगे काय उरले आहे व ते कोण राखणार, हे ठरवल्यावाचून उठू नये.