पैसे ग्राहकाचे, करार दुसऱ्यांचा!

अमेरिकेतील प्रेक्षकाने केबलचे जोखड फेकून दिले, ते स्वस्ताई आणि स्वातंत्र्य यांच्या आशेने. पदरात काय पडले? २०१७ मध्ये ३५ डॉलर असलेली ‘यूट्यूब टीव्ही’ची मासिक वर्गणी जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ डॉलरवर गेली, आणि एका मालकाच्या जागी दोन मालक आले. एक यंत्राचा, दुसरा ॲपचा. त्या दोघांचे बिनसले की शिक्षा तिसऱ्याला! मे २०२० मध्ये सुरू झालेले ‘एचबीओ मॅक्स’ ‘रोकू’च्या यंत्रावर अवतरले ते डिसेंबरात. एप्रिल २०२१ च्या अखेरीस ‘यूट्यूब टीव्ही’चे ॲप रोकूच्या भांडारातून हटले, समेटास पुन्हा डिसेंबरच उजाडला.

म्हणून केबलच्या आश्रयास परत जावे काय? तेथेही अभय नाही. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस ‘चार्टर’ ही केबल कंपनी व ‘डिस्ने’ यांच्या झुंजीत सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या पडद्यावरून डिस्नेच्या वाहिन्या अकरा दिवस लुप्त झाल्या.

रोग तारेत नाही, ॲपमध्येही नाही. तो करारात आहे. पैसे ग्राहकाचे, पण करारात त्याला स्थान नाही. जानेवारी २०२४ मध्ये तेथील संचार आयोगाने अशा खंडित काळाचा परतावा ग्राहकास देण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु तो केबल व उपग्रह सेवांपुरताच! हा न्याय सर्वांनाच लागू झाला पाहिजे. तोवर ग्राहकाने वर्षाची बांधिलकी पत्करू नये. महिन्यागणिक सोडता येईल तीच सेवा घ्यावी. निघून जाण्याची मोकळीक हेच आज त्याचे शस्त्र आहे.