गुडघा त्याचा, गल्ला कोणाचा?

आम्ही पडलो कारकून. कोणी मोठा आकडा सांगितला की तोंडात बोट घालण्याआधी आम्ही विचारतो, हा जमेचा की खर्चाचा? आणि तो कोणाच्या खात्यावर? खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांच्या बातम्या वाचून घरातली पोरे हरखून जातात. आईबापांनाही वाटते की आपल्या पोराच्या पायात असे काही निघाले तर घराचे पांग फिटतील. म्हणून आज एका खेळाडूची खतावणी वाचकांपुढे उघडत आहोत. खेळाडू अमेरिकेचा, खेळही तिकडचा. पण हिशेब घामाचा आहे, आणि तो आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही.

खेळाडूचे नाव जेलन स्मिथ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा असतो. दोन्ही बाजूंना ११-११ गडी. बचावाची पहिली फळी थेट समोरच्यांना भिडते. त्या फळीच्या पाठीमागे जो उभा असतो, तो लाइनबॅकर. समोरचा चेंडू घेऊन पळणार की लांब फेकणार, हे त्याने क्षणात ओळखायचे. पळाला तर आडवा जाऊन त्याला पाडायचे, फेकला तर मागे धावून अडवायचे. कबड्डीत चढाई करणाऱ्याची चाल ओळखून नेमक्या वेळी पकड करणारा गडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे काम समजेल. फरक इतकाच की इथे समोरून शंभर-सव्वाशे किलोचा माणूस भरधाव येतो आणि सामनाभर पुन्हा पुन्हा येतो. या जागेवर डोके लागते, पण भांडवल म्हणाल तर ते शरीर.

जेलनचा जन्म १९९५ सालचा, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरातला. कृष्णवर्णीय घरातला हा मुलगा शाळेत असतानाच नावाजला. तो असताना त्याच्या शाळेचा संघ सलग ४ वर्षे आपल्या गटात राज्यात पहिला आला. देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला बटकस पुरस्कार देतात. शालेय गटातला तो २०१२ साली जेलनला मिळाला आणि महाविद्यालयीन गटातला २०१५ साली. दोन्ही गटांत हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला खेळाडू. शाळेनंतर तो त्याच राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात गेला आणि ३ वर्षे त्यांच्यासाठी खेळला.

आता पहिली नोंद पाहू. या ३ वर्षांचा पगार किती? शून्य. शिक्षणाची फी, राहणे, जेवण एवढे शिष्यवृत्तीतून मिळे. पगार घेण्याला महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे एनसीएएची, बंदी होती. त्याच काळात मोठ्या विद्यापीठांतल्या काही प्रशिक्षकांना वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर पगार होता. मैदाने भरत होती, दूरचित्रवाणीचे करार होत होते. मग गुणी पोराने सरळ व्यावसायिक संघात का जाऊ नये? तर तिथेही दार बंद. शालेय शिक्षण संपून ३ वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक संघ खेळाडूला घेत नाहीत, असा नियम आहे. मॉरिस क्लॅरेट नावाच्या तरुणाने या नियमाविरुद्ध दावा लावला होता, पण २००४ साली अपिलात तो हरला. म्हणजे एका दाराने पैसे द्यायचे नाहीत आणि दुसऱ्या दाराने ३ वर्षे आत घ्यायचे नाही.

या पोरांना तिकडे 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. पण त्याची जन्मकथा कामगारवर्गाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९५५ साली कोलोराडो राज्यात रे डेनिसन नावाचा महाविद्यालयीन खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवा पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कामगार ठरले तर प्रत्येक जखमेची भरपाई द्यावी लागेल, ही धास्ती विद्यापीठांना होती. त्याच धास्तीपोटी हा शब्द घडवून सगळीकडे लागू केला, असे एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले. माणसाला कामगार म्हणायचे नाही, म्हणजे कामगाराचे हक्क द्यावे लागत नाहीत. मानसेवी, शिकाऊ, हंगामी असे शब्द ज्यांनी अंगावर झेलले आहेत त्यांना यातली मेख लगेच कळेल.

पुन्हा जेलनकडे वळू. १ जानेवारी २०१६. ॲरिझोना राज्यात फिएस्टा बाऊल हा मोसमातला शेवटचा मोठा सामना. समोर ओहायो स्टेट विद्यापीठ. काही महिन्यांवर व्यावसायिक संघांची निवड येऊन ठेपलेली. या निवडीला तिकडे ड्राफ्ट म्हणतात. ३२ संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात आणि जितका क्रमांक वरचा तितका करार मोठा. जेलन पहिल्या पाचांत जाईल असा जाणकारांचा अंदाज होता.

सामन्याच्या पहिल्याच भागात एका धक्क्याने त्याचा डावा पाय वेडावाकडा पडला. गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले. त्याहून वाईट म्हणजे गुडघ्याजवळून जाणाऱ्या शिरेला, आपण जिला नस म्हणतो तिला, इजा झाली. ही शीर पाऊल वर उचलायला लावते. ती बंद पडली की माणसाचे पाऊल लोंबते, चालताना बोटे जमिनीला घासतात. अस्थिबंध शस्त्रक्रियेने जोडता येतो. शीर मात्र आपल्या गतीने वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तिच्यावर प्रशिक्षकाचा हुकूम चालत नाही की मालकाचा पैसा. २० वर्षांच्या पोराचा जगातला सगळा भाव त्या एका शिरेवर येऊन थांबला.

आता खतावणीचे पान समोरासमोर ठेवू. त्याच सामन्यात समोरच्या संघातून एझिकिएल इलियट नावाचा खेळाडू खेळत होता. त्या दिवशी त्याने ४ टचडाऊन केले आणि त्याचा संघ ४४-२८ असा जिंकला. एप्रिल २०१६ मध्ये डॅलस काउबॉइज संघाने इलियटला चौथ्या क्रमांकावर उचलले. त्याचा ४ वर्षांचा करार सुमारे २ कोटी ४९ लाख डॉलरचा झाला. त्याच संघाने जेलनलाही घेतले, पण ३४व्या क्रमांकावर. त्याचा ४ वर्षांचा करार सुमारे ६५ लाख डॉलरचा. एकच सामना, एकच मालक, आणि फरक १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. हा फरक गुणांचा नव्हता, एका गुडघ्याचा होता. आणखी एक बारकावा सांगतो. जेलनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ज्या डॉक्टरांनी केली ते डॅलस संघाचेच डॉक्टर होते. बाकीचे संघ बिचकले, तेव्हा आतली परिस्थिती ज्यांना अधिक ठाऊक होती त्यांनी स्वस्तात माल उचलला. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. पण व्यवहारात माहिती कोणाकडे असते हे पाहून ठेवावे.

जमेच्या बाजूला एक नोंद मात्र आहे आणि आमच्या मते ती सोन्याची आहे. जेलनचा विमा उतरवलेला होता. अशा खेळाडूंसाठी तिकडे दोन तऱ्हेचे विमे मिळतात. एक कायमचे अपंगत्व आल्यास, आणि दुसरा जखमेमुळे निवडीतला क्रमांक घसरून भाव उतरल्यास. या दुसऱ्या विम्यातून त्याला सुमारे ९ लाख डॉलर मिळाल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले. बुडाले त्याच्या मानाने थोडे, पण संकटाच्या दिवशी घरात आलेला पैसा तो.

पुढची कथा पोराच्या जिद्दीची आहे. २०१६ चा संपूर्ण मोसम तो बाहेर बसला. २०१७ साली पावलाला आधार देणारी पट्टी बांधून मैदानात उतरला. २०१८ साली पट्टी सुटली आणि तो पुन्हा पूर्वीसारखा धावू लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याला ५ वर्षांचा वाढीव करार मिळाला. आकडा ६ कोटी ४० लाख डॉलर. वर्तमानपत्रांनी हाच आकडा छापला. हमीचा आकडा मात्र सुमारे ३ कोटी ५५ लाख होता. बाकीचा पैसा मालकाची मर्जी राहील तोवर. त्याच मोसमात प्रो बाऊल या मानाच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. पण २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम चालू असताना, डॅलसने त्याला मोकळे केले. खेळ पूर्वीसारखा राहिला नाही हे एक कारण सांगितले गेले. दुसरे करारातच होते. तो जायबंदी झाला असता तर २०२२ चे सुमारे ९२ लाख डॉलर संघाला द्यावेच लागले असते. म्हणजे २०१६ साली शरीर मोडल्याने त्याचे नुकसान झाले, आणि २०२१ साली शरीर मोडले तर आपले नुकसान होईल म्हणून मालकाने त्याला सोडले. पुढे तो ग्रीन बे, न्यू यॉर्क अशा संघांतून खेळला, पण तसा करार पुन्हा झाला नाही.

मग त्याने तो सामना खेळायलाच नको होता का? हा प्रश्न तिकडे फार गाजला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकाफ्री या दोन नामांकित खेळाडूंनी आपापल्या संघांचे शेवटचे सामने खेळायला नकार दिला. संघाशी बेइमानी केली म्हणून लोकांनी नाके मुरडली. जेलनने मात्र जाहीरपणे सांगितले की संधी मिळाली तर आपण तो सामना पुन्हा खेळू. त्याच्या दिलदारीला आमचा नमस्कार. पण नकार देणाऱ्यांनाही आम्ही बोल लावणार नाही. ज्याची हाडे पणाला लागतात त्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे. निष्ठेचा उपदेश करणाऱ्यांनी आधी औषधपाण्याची हमी लिहून द्यावी.

तिकडच्या पोरांनी नुसते रडगाणे गायले नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी कामगार संघटना बांधण्याचा अर्ज केला. प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार मानले, पण २०१५ साली राष्ट्रीय मंडळाने प्रकरणातून अंग काढून घेतले. हरले, पण वाट पाडून गेले. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊही न्यायमूर्तींच्या एकमताने एनसीएएच्या काही बंधनांविरुद्ध निकाल दिला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तरी या तडजोडीने त्यांना कामगार ठरवलेले नाही. पैसा आला, हक्काचे नाव अजून यायचे आहे.

आणि हे सगळे मूठभरांचे. एनसीएएच्याच आकड्यांनुसार निवडीला पात्र असलेल्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूंपैकी शंभरात दोघांचीही व्यावसायिक संघांकडून निवड होत नाही. प्रमाण १.६ टक्के. जे पोचतात त्यांची कारकीर्द खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी सव्वातीन वर्षांच्या आसपास. तिशीच्या आत निवृत्ती, आणि पुढे आयुष्य उभे.

वाचक बंधु-भगिनींनो, मुलांना खेळू नका असे आम्ही मुळीच सांगत नाही. मुलगा असो वा मुलगी, अंगात गुण असेल तर त्याला मैदान मिळालेच पाहिजे. पण कोणी तुमच्या लेकराला संघात न्यायला आला, तर चहा देऊन चार प्रश्न विचारा. जखम झाली तर इलाजाचा खर्च कोण देणार, आणि ते लेखी आहे का? सांगता त्या आकड्यात हमीचे किती? खेळ सुटला तर शिक्षण चालू राहील का? आणि तपासणारा डॉक्टर कोणाचा, आमचा की तुमचा? सही करण्याआधी कागद घरी आणा, शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. असे कागद वाचून द्यायला आमच्यासारखे कारकून गल्लोगल्ली आहेत, आणि या कामाची फी आम्ही घेत नाही.